वायरवाला की बिनवायरचा

तळेगावात सुहासच्या नळ-पाइपाच्या दुकानात मी काउंटरवर असा हात आपटला की तिथली नळाची तोटी खाली पडून गडगडत दारापर्यंत गेली. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. बघा म्हणलं, काय बघायचं ते बघा.

झालतं काय, आमचा जुना कॅमेरा बंद पडला होता. गटाराच्या पाइपात घालायचा कॅमेरा. लोकांना वाटतं चोकअप काढणं म्हणजे गज घालायचा आन ढवळायचं. तसं करणारे लोणावळ्यात लय हायेत. मी आन माझी बायको मुक्ता, आमी तसं करत न्हाई. आधी कॅमेरा घालायचा, आत काय अडकलंय ते बघायचं, मगच हात लावायचा. खंडाळ्याच्या बंगल्यांवर शनिवार-रविवार पाव्हणे उतरतात, ते संडासात काय काय टाकतात ते सांगितलं तर तुमी जेवायचे न्हाई. वर आन झाडांच्या मुळ्या. पाइपाचा सांधा जरा सुटला की मुळी आत शिरलीच.

काम दोघांचं. मी चेंबरच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून केबल आत ढकलायचो. मुक्ता माझ्या मागं स्टुलावर बसायची, मांडीवर पडद्याचा डबा. "चला, चला, चला... थांबा! जरा फिरवा. मुळी हाय, वरनं आलीय." बास. तिनं सांगितलं की ते तसंच निघायचं. मला त्या पडद्यावरचं कवाच कळलं न्हाई. सगळं काळं आन ओलं. एकदा मी बेडकाला दगड म्हणलतो, ते ती भेटंल त्याला हसून हसून सांगायची.

तर सुहासनं दोन कॅमेरे काढून पुढ्यात ठेवले.

"भाऊ, ढकलायची केबल दोन्हीला आहे," तो म्हणला. "फरक चित्राचा. हा वायरवाला. चित्र केबलमधनं थेट या डब्यातल्या पडद्यावर येतं. तुटत नाही, अडकत नाही. पण डबा जड, आणि बघायला दुसरा माणूस असलेला बरा. आणि हा बिनवायरचा. केबलच्या टोकाला ही डबी आहे ना, ती चित्र हवेतनं मोबाइलवर पाठवते. मोबाइल दंडाला बांधायचा, ढकलता ढकलता आपलं आपण बघायचं. चित्र कधी कधी जरा मागनं येतं आणि चार्जिंग सांभाळावं लागतं, एवढंच."

मुक्तानं विचारलं, "म्हणजे एकट्या माणसाला जमतं?"

"एकदम, वहिनी."

"मग हाच द्या."

तवा मी हात आपटला. "एकटा कोण हाय हितं?" मी वरडलो. "वायरवाला दे! आमी दोन माणसं उभी हाओत, दिसत न्हाई का तुला?"

सुहास बिचारा माझ्याकडं बघंना, तिच्याकडं बघंना. त्याला काय माहीत? मुक्ताच्या पोटात गाठ होती. त्याच सकाळी दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलतं, आपरेशनची वेळ गेली, आता औषधं ती फक्त दुखणं कमी करायला. ते ऐकून मला दवाखान्याचा जिना उतरता येईना. आन ही बया काय म्हणली? "तळेगावात आलोच हाओत तर कॅमेरा बघून जाऊ."

त्या दिवशी आमी वायरवाला बी घेतला न्हाई आन बिनवायरचा बी न्हाई. नुसतं भांडत घरी आलो. टेम्पो मी चालवत होतो, ती शेजारी पदर घट्ट धरून बसलेली. कामशेत आलं तरी भांडण सरंना.

"तुमाला पडद्यावरचं शिकायला पायजे," ती म्हणली.

"मला न्हाई शिकायचं."

"मग पुढं काय करणार? आंधळ्यागत गज घालत फिरणार?"

"मुक्ते, गप बस."

"न्हाई बसायची. मला एकदा तुमच्या तोंडातनं ऐकायचंय, 'येतं मला, एकट्याला येतं.' तेवढं म्हणा, मग माझं कायबी म्हणणं न्हाई. मग मी निवांत."

"मरंस्तोवर म्हणायचो न्हाई!" मी म्हणलो. तोंडातनं गेल्यावर कळलं काय बोललो ते. ती खिडकीतनं बाहेर बघायला लागली.

त्यानंतर तिचं उठणं-बसणं कमीच होत गेलं. आधी एकदोन कामांना ती आली, टेम्पोतच बसून राहिली. मग तेवढंबी होईना. माझी थोरली बहीण धोंडाआक्का तिकोणा पेठेतनं पिशवी घेऊन आली ती आमच्याकडंच राहिली. भांगरवाडीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, रस्त्याला लागून. मुक्ताची खाट खिडकीशी लावली, तेवढीच तिला हवा. आक्का तिचं सगळं करायची, मी सकाळी कामाला जायचो.

कामाला जायचो म्हणजे काय, झक मारायचो. कॅमेरा नव्हता, मुक्ता नव्हती. एका बंगल्यावर अंदाजानं गज घातला आन चांगला पाइप फोडून ठेवला. मालकीणबाई म्हणल्या, "भिमाभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. वहिनी कुठायत?" मी म्हणलो, गावाला गेलीय. बंगल्याच्या मागं जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तोंड काय एवढं घाण झालं नव्हतं.

तितंच, तोंड पुसता पुसता, माझ्या डोक्यात आलं. अरे भिमाजी, बिनवायरच्या कॅमेऱ्याचं चित्र हवेतनं मोबाइलवर जातं म्हणला ना सुहास? मग ते माझ्याच मोबाइलवर जायला पायजे असं कुटं हाय? मुक्ताच्या मोबाइलवर जाऊ दे की! ती खाटंवर पडून बघंल, मी ढकलीन. ती म्हणंल थांबा, मी थांबंन. ती म्हणत होती हा एकट्याचा कॅमेरा हाय. कसला एकट्याचा? हा तर दोघांचा. मला एवढा आनंद झाला की पाना तितंच विसरून मी तळेगावला गेलो.

"सुहास, बिनवायरच्याचं चित्र दोन मोबाइलवर दिसतं का?"

"दिसतं की भाऊ. दोन काय, चार मोबाइलवर दिसतं."

"मग बांध तो."

दोन मोबाइल एकमेकांपासनं किती लांब चालतील, हे मी विचारलं न्हाई. त्यानंबी सांगितलं न्हाई. त्याला काय सपान पडलतं, मी एक मोबाइल खंडाळ्यात आन दुसरा भांगरवाडीत ठेवणार म्हणून?

घरी आल्या आल्या आमी न्हाणीच्या मोरीत कॅमेरा घालून बघितला. आक्कानं डोळ्यावर पदर घेतला, म्हणली मला न्हाई बघायचं असलं. माझ्या मोबाइलवर चित्र आलं, मुक्ताच्या बी मोबाइलवर आलं. मुक्ता उशीला टेकून बसली आन म्हणली, "शी! किती केस साचलेत. आक्का, हे तुमचेच हायेत." आन हसली. लय दिवसांनी हसली.

मग तिनं विचारलं, "पण तुमी खंडाळ्याला असताना बी हितं दिसंल?"

"दिसंल की! हवेतनंच येतं ते. हवा काय भांगरवाडीत संपती का?"

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. "बरं," म्हणली.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्यात पहिलं काम. मी कानात इअरफोन घातला, मोबाइल दंडाला बांधला, कॅमेरा चालू केला आन मुक्ताला फोन लावला.

"दिसतंय का?"

तिकडनं जरा वेळ कायच आवाज न्हाई. मला वाटलं रेंज गेली.

"मुक्ते, दिसतंय का?"

"दिसतंय," ती म्हणली. "दिसतंय की. पण माझा मोबाइल लहान हाय, बारीक दिसतंय. असं करा, आधी तुमी सांगा काय दिसतंय, मग मी सांगते बरोबर का चूक."

"मला काळं दिसतंय."

"काळं तर सगळंच असतं. काळ्यात काय हाय?"

"कायतरी लोंबतंय."

"वरनं का बाजूनं?"

"वरनं."

"दोरीगत का केसागत?"

मी डोळं ताणून बघितलं. "केसागत. बारीक बारीक लय."

"मग मुळी हाय. बरोबर. दोरीगत असतं तर कापड असतं. जरा पुढं घ्या, आता खाली तळाला काय दिसतंय?"

"पांढरं."

"चकाकतंय का?"

"न्हाई, मेणागत हाय."

"स्वैपाकघराचं तेल. थिजलंय. मुळी काढली तरी ते राहिलं तर परत चोक होणार. दोन्ही काढा."

दोन्ही काढलं. लाइन अशी खळाळून मोकळी झाली की बंगल्याचा माळी टाळ्या वाजवायला लागला. मी फोनवर वरडलो, "झालं! मुक्ते, बघितलंस का कसं गेलं?"

"बघितलं," ती म्हणली.

मग आमचं तसंच चालू झालं. ती खाटंवर, मी चेंबरपाशी. मी सांगायचो, ती विचारायची, मी परत बघून सांगायचो, ती म्हणायची बरोबर. चुकलो की चिडायची. "तडा असता तर रेघ वाकडी असती. सरळ गोल रेघ म्हणजे सांधा. किती वेळा सांगायचं?" मी बी चिडायचो. अगदी आधीसारखं. बंगलेवाले आमच्याकडं बघून हसायचे, त्यांना माझाच आवाज यायचा ना फक्त.

संध्याकाळी घरी गेलो की तिचा एकच प्रश्न. "येतं का आता तुमाला?"

"न्हाई येत."

"आज तर सगळं तुमीच ओळखलं."

"तू म्हणलीस बरोबर, म्हणून. तुझ्याबिगर मला ढेकळं कळत न्हाई."

हे मी मुद्दाम म्हणायचो. खरं सांगतो, मला यायला लागलतं. पण मला वाटायचं, मला येत न्हाई तोवर ही जायची न्हाई. हिला काळजी राहील माझी, आन काळजीपायी राहील. येडेपणा हाय, मला कळतं. पण तेवढ्या एका येडेपणावर मी रोज सकाळी उठत होतो.

मग एक दिवस माधवरावांच्या बंगल्यावर काम निघालं. माधवराव म्हणजे पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, खंडाळ्याला एकटेच राहतात. चांगला माणूस. खुर्ची टाकून शेजारी बसले होते, मी फोनवर बोलत होतो.

"कोणाशी चाललंय एवढं?" त्यांनी विचारलं.

"बायकोशी, साहेब. ती घरी बघतीय ना तिच्या मोबाइलवर."

"घरी म्हणजे?"

"भांगरवाडीत."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणले, "भिमाजी, ह्याचं चित्र तिथवर जात नाही हो. ही डबी जवळच्या मोबाइलपुरतीच असते. ह्या अंगणाच्या बाहेरसुद्धा जाणार नाही."

माझं टाळकंच सरकलं. फोन बंद करून मी त्यांना नको नको ते बोललो. म्हणलं, साहेब, तुमी असाल मोठे इंजिनिअर, माझी बायको काय खोटं बोलती का? रोज बघती ती! मुळ्या सांगती, तेल सांगती! तुमाला काय माहीत तिचं? माधवरावांनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर एवढंच म्हणले, "मी चुकत असेन. तुम्ही विचारून बघा."

ते आत गेले. मी कॅमेरा पाइपातनं बाहेर काढला. पुसला. आन हिरवळीवर ठेवला, तोंड आभाळाकडं करून. माझ्या मोबाइलवर नुसतं निळं आभाळ आन सिल्व्हर ओकच्या फांद्या. मग मुक्ताला फोन लावला.

"फोन का ठेवला मधीच?" तिनं विचारलं.

"रेंज गेली. आता दिसतंय का?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"पाइप, दुसरं काय? ओला हाय. ढकला पुढं."

मी आभाळाकडं बघितलं. तिचा आवाज असा दमलेला होता, आन त्या दमलेल्या आवाजात ती माझ्यासाठी पाइप बघत होती.

"मुक्ते..."

"काय हो? आधी तुमी सांगा, काय दिसतंय?"

लय राग आला. तिचा आला, सुहासचा आला, माधवरावांचा आला, माझा तर सगळ्यात जास्त आला. घरी जाऊन भांडी फेकावी असं वाटलं. पण फोनवर ती वाट बघत होती. मी कॅमेरा परत पाइपात घातला आन म्हणलो, "डावीकडनं सांधा सुटलेला दिसतोय."

"गोल रेघ?"

"गोल रेघ, आन एका बाजूनं फट."

"मग बरोबर," ती म्हणली.

काम झाल्यावर मी माधवरावांच्या दारात जाऊन हात जोडले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या चांगल्या माणसाला मी काय काय बोललतो, आन ते म्हणले, "चहा घेऊन जा."

संध्याकाळी मी धोंडाआक्काला बाहेर नळापाशी गाठलं. "आक्का, खरं सांग. मी फोन करतो तवा मुक्ता मोबाइलात बघती का?"

"बघती कुटं?" आक्का म्हणली. "मोबाइल कानाला लावून डोळं मिटून पडलेली असती. तू काय काय बोलतोस ते ऐकत असती." तिनं हंडा खाली ठेवला. "भिमा, तेवढाच वेळ ती कण्हत न्हाई रे. फोन ठेवला की परत चालू होतं. तू जरा जास्त वेळ बोलत जा."

मी घरात गेलो. मुक्तानं विचारलं, येतं का आता? मी म्हणलो, न्हाई येत. आन तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

आता मी काय केलं ते ऐका. आक्का म्हणली जास्त वेळ बोल, तर मी जास्त वेळ बोलायला लागलो. काम लवकर झालं तरी मी फोन चालूच ठेवायचो. नसलेल्या मुळ्या सांगायचो. नसलेलं तेल सांगायचो. मग तर काम असो नसो, फोन करायला लागलो. तिचं दुखणं वाढलतं, मला तिला सोडून लांब जाववंना. डॉक्टर म्हणलते, आता कवाबी. पण घरी राहिलो तर ती म्हणायची, "कामाला जा, मी फोनवर हाय ना." म्हणून मी सकाळी जवळपासचं एखादं काम उरकायचो आन दुपारी टेम्पो आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, वडाखाली लावायचो. तितनं आमची खिडकी दिसायची. तितं बसून फोन लावायचो.

"दिसतंय का?"

"दिसतंय. कुटं हाय आज?"

"लोहगडवाडीला. नवीन हॉटेल झालंय, त्यांची लाइन."

"मोठी हाय का?"

"लय मोठी. हे बघ, आता वळण आलं. वळणावर कायतरी हाय."

"काय हाय, सांगा."

आन मी डोळं मिटून सांगत राहायचो. असले पाइप मी जन्मात बघितले नव्हते. लांबच लांब, स्वच्छ, मधीच एखादी मुळी, ती काढली की पुढं परत मोकळं. ती हळू आवाजात "बरोबर, बरोबर" म्हणायची. लोक टेम्पोच्या शेजारनं जायचे. हा भिमाजी डोळं मिटून कुणाशी बोलतो, असं त्यांना वाटत असंल. वाटू दे.

एक दिवस मी असाच बसलतो. सांगत होतो, पाइप कसा उतारानं खाली जातोय. तेवढ्यात भंगारवाल्याची गाडी आली. वरती भोंगा, त्यात टेप लावलेली, "लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक, जुनी बॅटरी, रद्दी!" माझ्या टेम्पोला घासून ती गल्लीत शिरली आन सावकाश आमच्या घराकडं निघाली. मी मोबाइल हातानं झाकला.

"अहो," मुक्ता म्हणली.

"काय?"

"भंगारवाला माझ्या खिडकीतनं बी वरडतोय आन फोनमधनं बी वरडतोय."

मी मोबाइलवरचा हात काढला.

"घरी या," ती म्हणली.

मी गेलो. आक्का मला बघून मुकाट्यानं बाहेर पायरीवर जाऊन बसली. मुक्ता भिंतीकडं तोंड करून पडलेली, ती हळूहळू वळली. तेवढं वळायलाच तिला किती वेळ लागला. मी खाटंच्या कडंला बसलो, शाळेत मास्तरांपुढं उभा राहिल्यागत वाटत होतं.

"कवापासनं बसताय गल्लीत?"

"झाले थोडे दिवस."

"आन लोहगडवाडीचं हॉटेल?"

"नव्हतंच."

ती हसायला लागली, आन हसता हसता पोटाला हात लावला. दुखलं असणार. मग म्हणली, "मला कायच दिसत नव्हतं हो. पहिल्या दिवसापासनं. नुसतं एक चाक फिरायचं मोबाइलवर."

"माहीत हाय."

"कवा कळलं?"

"माधवरावांच्या बंगल्यावर. कॅमेरा आभाळाकडं करून ठेवलता. तू म्हणलीस पाइप हाय."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू तरी कुटं बोललीस?"

भंगारवाला लांब गेलता.

"मग एवढे दिवस बघत कोण होतं?" तिनं विचारलं.

ती मला कुटं नेतीय ते मला कळलं. मी मान फिरवली.

"सांगा ना. मुळ्या कुणी ओळखल्या? ती माधवरावांची फट कुणी ओळखली?"

"तू म्हणायचीस बरोबर."

"मी न बघता म्हणायचे. तुमी बरोबर सांगत होता म्हणून काम होत होतं." तिनं माझा हात धरला. तिच्या हातात आता हाडंच राहिलती. "म्हणा ना आता. किती दिवस वाट बघू?"

आन तवा मी तिच्याकडं नीट बघितलं. इतके दिवस मी बघतच नव्हतो. तिचे गाल आत गेलते, ओठ सुकून पांढरे पडलते, आन ती माझ्यासाठी थांबलती. मी हट्टानं तिला थांबवून ठेवलं होतं आन थांबताना तिला लय दुखत होतं.

"येतं मला," मी म्हणलो.

"मोठ्यानं."

"येतं मला, मुक्ते! सगळं येतं! मुळी कळती, तेल कळतं, सांधा कळतो, तडा कळतो. एकट्याला येतं!" आन मी तिच्या हातावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. बाहेर आक्का बी रडत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

मुक्तानं डोळं मिटलं. मला वाटलं झोपली. पण थोड्या वेळानं म्हणली, "तो कॅमेरा सकाळच्या कामाचा ओलाच पिशवीत असंल. पुसून ठेवा. काच धुरकटती मग."

मी टेम्पोतनं कॅमेरा आणला आन तिच्या पायाशी बसून पुसला. त्या रात्री ती कमी कण्हली, का मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याचं काम होतं. मी जायला तयार नव्हतो, तर तिनं मला अक्षरशः हाकललं. मी दारात पोचलो तशी खाटंवरनं म्हणली, "आन हे बघा, आज फोन करायचा न्हाई. येतं म्हणलात ना?"

"थोडा वेळ तरी."

"न्हाई. एकट्यानं करून या, संध्याकाळी सांगा मला."

मी गेलो. चेंबर उघडलं, मोबाइल दंडाला बांधला, कॅमेरा आत घातला. वळणावर वरनं लोंबणारी मुळी होती, पुढं तळाला तेल. मी ओळखलं. दोन्ही काढलं. लाइन मोकळी झाली. दोन वेळा तिचा नंबर काढला आन दोन वेळा मोबाइल खिशात टाकला. ती नको म्हणलती. अख्ख्या संसारात मी तिचं एकदा बी निमूट ऐकलं न्हाई, त्या दिवशी तेवढं ऐकलं.

घरी आलो तवा आक्का दारात उभी होती, पदर तोंडाला लावून.